चक्का गाळायचा डबा: पाणी काढतो, फॅट नाही

साडेपाचशे रुपयांचा हा डबा म्हणजे एकात एक बसणाऱ्या दोन वस्तू. बाहेर पारदर्शक प्लॅस्टिकचं चौकोनी भांडं, आत बारीक जाळीची टोपली, वर झाकण. टोपलीत दही ओतायचं, झाकण लावायचं आणि फ्रिजमध्ये ठेवून द्यायचं. पाणी खाली उतरतं, चक्का वर राहतो. खोक्यावर ‘ग्रीक योगर्ट मेकर’ असं भल्यामोठ्या अक्षरांत लिहिलंय, शेजारी काकडी-गाजराच्या काड्या आणि मधे पांढऱ्या डिपची वाटी. खालच्या कोपऱ्यात ‘आता घरीच फॅट फ्री डिप्स’ अशा अर्थाची ओळ. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही. याच साच्याचे डबे ऑनलाइन बऱ्याच नावांनी मिळतात, आणि जे सांगायचंय ते बहुतेक सगळ्यांना लागू पडेल.

माझी सगळी नोकरी सांगली जिल्ह्यातल्या एका दूध संघाच्या लॅबमध्ये झाली. बुटिरोमीटर म्हणजे फॅट मोजायची काचेची नळी; तिच्यात १० मिली सल्फ्युरिक ॲसिड, त्यावर १०.७५ मिली दूध, १ मिली अमाइल अल्कोहोल, बूच लावून हलवायचं, मशीनमध्ये फिरवायचं आणि नळीत चढलेला पिवळा थर वाचून उत्पादकाला ‘फॅट किती लागली’ ते सांगायचं. मग त्याचं म्हणणं ऐकून घ्यायचं, कारण आपल्या म्हशीची फॅट बरोबर लागली असं आजवर एकाही उत्पादकाला वाटलेलं नाही. तर सवयीने, खोक्यावरचं ते ‘फॅट फ्री’ वाचून मी आधी कागद-पेन घेतलं.

जाळीतून जातं ते पाणी. त्याच्याबरोबर दुधातली थोडी साखर जाते, क्षार जातात, थोडी प्रथिनं जातात. फॅट दह्यात अडकलेली असते, ती वरच राहते. टोन्ड दुधात फॅट ३ टक्के. त्याचं अर्धा किलो दही टोपलीत घातलं म्हणजे १५ ग्रॅम फॅट आत गेली. चार-पाच तासांनी चक्का उरतो पाव किलोच्या आसपास. वजन निम्मं झालं आणि फॅट तेवढीच, म्हणजे चक्का ६ टक्क्यांचा झाला. फुल क्रीमची पिशवी ६ टक्क्यांची असते, तिचा चक्का १२ वर जातो. डबल टोन्ड १.५ टक्के, तिचा ३. डबा काही काढून घेत नाही, उलट दाट करून देतो. डिप हलकं होणार की जड, हे दुधाची पिशवी निवडताना ठरून गेलेलं असतं. मिठाईच्या दुकानातला तयार चक्का आणून ‘डाएट डिप’ करणाऱ्यांनी हा हिशेब एकदा करून पाहावा. तो चक्का श्रीखंडासाठी असतो, बऱ्याचदा म्हशीच्या दुधाचा.

एवढं म्हटल्यावर डबा वाईट, असं कुणाला वाटेल. तसं अजिबात नाही. घरात रोज वापरात आहे. तुलना कशाशी करायची हा प्रश्न आहे.

आमचा नातू पोळीला मेयोनीज लावून खातो. भाकरीलाही लावतो, हे मला जास्त लागतं. अस्सल मेयोनीज म्हणजे अंड्याच्या बलकात तेल थोडं थोडं सोडत घोटायचं, त्यात तेलच ७० ते ८० टक्के. एका टेबलस्पूनात १० ग्रॅमच्या आसपास फॅट आणि ९०-१०० कॅलरी. बिनअंड्याच्या बाटल्यांमध्ये तेलाचं प्रमाण बदलतं, ते पाठीमागे बारीक अक्षरांत छापलेलं असतं. टोन्ड दुधाच्या चक्क्याच्या तेवढ्याच चमच्यात फॅट १ ग्रॅमच्याही आत आणि कॅलरी पंधराएक. शून्य नाही, पण मेयोनीजच्या जागी बसवायला याहून सोपी वस्तू आपल्या घरात नाही. म्हणून सूनबाईंनी डबा मागवला. वापरतो मात्र मी. निवृत्त माणसाला फ्रिजचं दार उघडून पाणी किती उतरलं ते बघायला वेळ असतो.

आमच्याकडे चक्का बांधायचा तो जुन्या धोतराच्या धुवट तुकड्यात, मोरीच्या नळाला. फुकट काम. मग साडेपाचशे कशाला? तर उन्हासाठी. सांगलीत एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या घरात असतो. त्या उकाड्यात दही रात्रभर टांगलं की विरजणातले जंतू काम थांबवत नाहीत, सकाळी चक्का जीभ आक्रसेल इतका आंबट होतो. श्रीखंडात तो आंबटपणा साखर झाकून टाकते. डिपमध्ये झाकायला काहीच नसतं. डबा फ्रिजमध्ये ठेवता येतो, म्हणून चक्का गोडसर राहतो, हा त्याचा खरा आणि मोठा गुण. दुसरं, फडक्याला साबणाचा वास राहतो आणि चमचाभर चक्का फडकं खाऊन टाकतं. जाळीवरचा चक्का उलथन्याने पूर्ण निघतो.

वेळेचा अंदाज असा. दीड-दोन तासांत ओतता येईल इतपत दाट होतं, ते सॅलडवर घालायला. चार-पाच तासांत काकडीची फोड बुडवली तर चिकटून वर येईल असं. रात्रभर ठेवलं तर ब्रेडला लावता येतं. पण दही नीट लागलेलं हवं आणि आधी फ्रिजमध्ये गार झालेलं हवं. कोमट, सैल दही ओतलं की खालच्या पाण्यात पांढरट गढूळपणा दिसतो, म्हणजे चक्काच वाहून चाललाय. दूध चांगलं उकळू देऊन, मंद आचेवर थोडा वेळ ठेवून मग विरजलं की दही घट्ट लागतं. तार सुटलेलं दही मात्र या जाळीतून उतरतच नाही, दिवसभर ठेवलं तरी वर लोळत राहतं. त्याची सरळ कढी करावी.

आता खोड्या. खोक्यावर क्षमता लिटरभर लिहिलीय. टोपलीत लिटरभर दही मावतं हे खरं, पण खाली पाणी साठायला जागा त्या मानाने कमी. निम्मं काम झालं की पाणी टोपलीच्या तळाला टेकतं आणि तिथून पुढे काही गळत नाही. पाणी मधेच ओतून द्यावं लागतं, आणि हे माहितीपत्रकात कुठेही नाही. अर्धा किलोच्या पुढे जायचंच नाही असं ठरवलं तर त्रास नाही. झाकणाला रबर नाही, त्यामुळे फ्रिजमध्ये चिरलेला कांदा उघडा असेल तर चक्का त्याचा वास घेतो. जाळी जिथे प्लॅस्टिकला चिकटवलीय त्या कडेत चक्का अडकतो, जुना टूथब्रश लागतो. आणि टोपलीतच लसूण-बिसूण कालवायचा मोह आवरावा. लसणाचा वास जाळीतून सुटत नाही, पुढच्या वेळी फळांबरोबर खायला केलेला चक्कासुद्धा लसणीचा लागतो.

कालवण्यावरून आठवलं. माहितीपत्रकात डिपच्या कृती दिल्या आहेत आणि प्रत्येकीत ‘मिक्सरमध्ये फिरवा’. फिरवू नका. चक्क्याची जी घडी बसलेली असते ती पात्याने मोडते आणि पाच तास गाळून मिळवलेला दाटपणा पाच सेकंदांत पातळ होतो. मिक्सर फक्त बाकीच्या गोष्टींना लावावा, कोथिंबीर-पुदिना-मिरची वाटायला. वाटण चक्क्यात चमच्याने, एकाच दिशेने, हलक्या हाताने मिसळावं. काकडी किसून घालणार असाल तर आधी मीठ लावून दहा मिनिटं ठेवावी आणि मुठीत घट्ट पिळून घ्यावी. ग्रीक लोक त्यांच्या झाझिकीत, म्हणजे दही-काकडीच्या डिपमध्ये, काकडी अशीच पिळून घेतात. न पिळता घातली तर तासाभरात वाटीत तळं.

मेयोनीजच्या जागी आमच्याकडे आता मोहरीचं डिप असतं. या कामासाठी लोक विलायती मोहरीची बाटली आणतात, आपल्याकडे फेसलेली मोहरी असताना. चमचाभर मोहरीची डाळ, चिमूट मीठ आणि गार पाणी घेऊन खलात फेसायची, नाकात झणका आला की थांबायचं. पाणी गारच हवं, गरम पाण्यात तो झणका तयारच होत नाही. पाव किलो चक्क्याला यातली अर्धा चमचा पुरे. मीठ, चिमूटभर साखर, लिंबू, आणि एक लहान चमचा तेल. नातवाला पहिल्या घासाला ठसका लागला, मोहरी निम्मी केली, आता भाकरीला तेच लागतं.

तेल कशाला, असं आमच्या हास्यक्लबातल्या एका गृहस्थांनी विचारलं. त्यांनी घरातून तेल हद्दपार केलंय. गाजर-टोमॅटोतली रंगद्रव्यं पाण्यात विरघळत नाहीत, स्निग्धात विरघळतात. सॅलड अगदी कोरडं खाल्लं तर ती अंगी लागण्याचं प्रमाण फार कमी. आपल्या आज्यांनी कोशिंबिरीवर फोडणी घातली ती चवीसाठी घातली असेल, पण काम दोन्ही झालं. लहान चमचाभर तेल म्हणजे चाळीसेक कॅलरी, आणि ते चौघांत वाटलं जातं. हलकं करायचं म्हणजे तेल मोजायचं. पुसून टाकायची गरज नाही.

सॅलडवर घालायच्या ड्रेसिंगला तर मी डब्याच्या तळाचं पाणीच वापरतो. फ्रेंच पद्धतीच्या साध्या ड्रेसिंगमध्ये तीन भाग तेलाला एक भाग व्हिनेगर असतं. त्यातलं दोन भाग तेल काढून तिथे हे पिवळसर, किंचित आंबट पाणी घालायचं, व्हिनेगरऐवजी लिंबू, थोडी फेसलेली मोहरी, थोडा मध, मिरपूड. झाकणाच्या बाटलीत घालून जोरात हलवायचं. मोहरीमुळे तेल आणि पाणी थोडा वेळ एकजीव राहतं. थोडा वेळच. पानावर वाढायच्या आधी पुन्हा हलवावं लागतं, आणि पातळ असल्यामुळे ते कोबी-बीटाला चांगलं, लेट्यूसवरून मात्र घसरून ताटात जातं.

सगळ्यात चांगलं जमतं ते वांग्याचं. कृष्णाकाठची वांगी थेट गॅसवर, साल काळं होऊन सुटेपर्यंत भाजायची. गर सुरीने चिरायचा, गार होऊ द्यायचा आणि मगच चक्क्यात कालवायचा. गरम घातला तर पाणी सुटतं. लसणीच्या दोन पाकळ्या ठेचून दहा मिनिटं लिंबाच्या रसात ठेवल्या की कच्च्या लसणीची उग्र चव उतरते. वर भाजलेल्या तिळाची पूड. अरबी मुलखात याला वेगळं नाव आहे आणि त्यात तिळाची पेस्ट भरपूर असते, आपलं दह्यातलं भरीत त्याचं जवळचं भावंड. दाण्याचं कूट घालायचं असेल तर चमचा मोजून. शेंगदाण्यात जवळजवळ निम्मी फॅट असते. ‘हलकं डिप’ म्हणून मूठभर कूट घालणारी मंडळी मी पाहिली आहेत, चव उत्तम असते.

लसूण आणि हिरवं वाटण घातलेलं डिप फ्रिजमध्ये तीन दिवसांपुढे ठेवत नाही. नुसता चक्का चार-पाच दिवस राहतो, पण मोठ्या डब्यातून काढून लहान झाकणाच्या डब्यात भरलेला.

उरलेल्या पाण्यात कणीक मळतो, पोळ्या मऊ होतात. आमटीत घातलं तर चिंच कमी करावी.

वर्षातून एकदा पाडव्याच्या श्रीखंडापुरता चक्का लागणाऱ्यांनी हा डबा घेऊ नये. कपाटात जागा अडवेल, आणि श्रीखंडाला फडकंच चांगलं, ते गाठोडं दाबून वजन ठेवता येतं, इथे ती सोय नाही. आठवड्यातून दोनदा तरी डिप, सँडविच, सॅलड होणाऱ्या घराला पैसे वसूल. माझ्याकडून पाचपैकी साडेतीन, अर्धा गुण त्या ‘फॅट फ्री’साठी कापला आणि एक तळाच्या जागेसाठी. घेताना दोन गोष्टी बघा: टोपलीच्या तळाखाली निदान चार बोटं जागा आहे का, आणि जाळी सुटी विकत मिळते का. आमच्या डब्याची मिळत नाही. एका कोपऱ्यात ती सुटायला लागली आहे, तिथे सध्या धोतराचा चौकोनी तुकडा अंथरून काम चाललंय.