गोखले रोडची अल्पाका लोकर: माल अस्सल, पट्टी भंपक

ठाण्यात स्वेटर लागत नाही हे खरं, पण नौपाड्यातल्या आज्या विणतात ते टोरांटो नि न्यू जर्सीच्या नातवंडांसाठी. त्यामुळे गोखले रोडच्या आतल्या गल्लीतलं हे लोकरीचं दुकान बारा महिने चालतं. हल्ली त्यांनी पेरू देशातली अल्पाका लोकर ठेवली आहे. अल्पाका म्हणजे तिथला उंटाच्या कुळातला, लोकरीसाठी पाळतात तो प्राणी. ५० ग्रॅमचा गुंडा ७८० रुपये! भाव ऐकून आधी परत ठेवला, मग हात फिरवून पाहिला आणि घेतलाच.

माल अस्सल आहे. टोक जाळून बघितलं: केस जळल्याचा वास आला, राख बोटांत चुरली. अ‍ॅक्रिलिक असतं तर वितळून कडक गोळी झाली असती. मेंढीच्या लोकरीतला मेणचटपणा हिच्यात जवळजवळ नसतो. मानेला टोचत नाही. लवचीकपणा मात्र कमी, त्यामुळे बॉर्डर सैल पडते आणि धुतल्यावर स्वेटर लोंबतो. सुई एक नंबर बारीक घ्या, नाहीतर सरळ मफलर विणा. मी तेच केलं.

आता तक्रार. गुंड्यावरच्या कागदी पट्टीवर ‘इंका राजांची लोकर’ असं छापलंय (इंका म्हणजे स्पॅनिश येण्याआधी पेरूत राज्य करणारे) आणि शेजारी चित्र लामाचं, म्हणजे अल्पाकाच्या थोरल्या भावंडाचं! लांब, आत वळलेले कान लामाचे. अल्पाकाचे आखूड आणि सरळ. मी शाळेत इतिहास शिकवायचे, असलं दिसलं की गप्प बसवत नाही. राजाची लोकर ती विकुन्याची. हा रानातला प्राणी. माणसांची साखळी करून त्याला घेरायचं, कातरायचं आणि सोडून द्यायचं. त्याचं वस्त्र राजघराण्याचं, किंवा राजाने ज्याला मान म्हणून दिलं त्याचं. विकुन्याचा तंतू १२-१३ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाडीचा, अल्पाकाचा सहसा १८ च्या पुढे. ७८० रुपयांत विकुन्या मिळत नसतो.

बरं, खोटं सांगायची गरजही नव्हती. अल्पाकाची खरी गोष्टच केवढी मोठी आहे! इंकांच्या लेखी तलम कापड सोन्याहून मोलाचं. ‘कुंबी’ नावाचं कापड निवडून आणलेल्या मुली आणि खास विणकर विणायचे, आणि देवापुढे तेच जाळलं जायचं. १५३२ मध्ये स्पॅनिश लोक काहामार्काला पोचले तेव्हा कोठारं छतापर्यंत कापडाच्या गठ्ठ्यांनी भरलेली होती. त्यांची नजर सोन्यावर. अर्जेंटिना-चिली सीमेवर यूयायाको शिखर आहे, ६,७३९ मीटर उंच. तिथे १९९९ मध्ये बळी दिलेल्या तीन मुलांच्या ममी सापडल्या. त्यांच्यासोबत सोन्याच्या, चांदीच्या आणि लाल शिंपल्याच्या छोट्या मूर्ती होत्या, आणि मूर्तींना विणलेले इवलेसे कपडे घातलेले. मुलांचं वाचून जीव तुटतो. पण एवढ्या बारीक मापाचं विणायला काय हात लागत असेल, हेही विणणारीच्या डोक्यात येतंच.

गल्ल्यावर एक दगडी अल्पाका ठेवला आहे. पाठीला वाटीएवढा खड्डा, त्यात रबरबँड आणि टाचण्या. मालाबरोबर फुकट आलेला पेनस्टँड आहे म्हणाले. म्हटलं, “अहो, ही कोनोपा, तिकडच्या लोकांची पूजेची मूर्ती. म्हणजे तिची नक्कल. खड्ड्यात लामाची चरबी, कोकाची पानं भरून ती कुरणात पुरायचे, कळप वाढावा म्हणून.” दुकानदारांनी टाचण्या बाजूला काढल्या आणि गंभीरपणे विचारलं, “बाई, धंद्याला चालते का?”

रंगांत नैसर्गिक तपकिरी आणि राखाडी घ्या. माझ्या मरूनचा पहिल्या धुण्यात रंग गेला. लागतील तेवढे गुंडे एकाच लॉटचे, एकदमच घ्या, पुढचा लॉट जुळत नाही. उघडलेली लडी परत घेत नाहीत. दुपारी १ ते ४ बंद. पाचपैकी चार.