मुलींचा कुस्ती वर्ग : सहा महिन्यांचा अनुभव

आमची बारा वर्षांची मुलगी गेले सहा महिने कोल्हापुरातील एका तालमीने चालविलेल्या मुलींच्या कुस्ती वर्गात जात आहे. मुलीचे नाव घालू की नको, या विचारात असलेल्या पालकांसाठी हा अनुभव लिहीत आहे.

शिकवण्याबद्दल तक्रार नाही. पहिला महिना जोर, बैठका आणि अंग न दुखावता पडायचे कसे, यातच गेला. एकेरी पट, म्हणजे प्रतिस्पर्ध्याचा एक पाय धरून पाडण्याचा डाव, त्यानंतर आला. मुलींच्या अधिकृत स्पर्धा मॅटवर होत असल्याने सराव मुख्यतः मॅटवरच असतो, परंतु आठवड्यातून एकदा वस्ताद त्यांना लाल मातीच्या हौदातही उतरवतात. १९१२ पासून कुस्तीचे खासबाग मैदान असलेल्या या गावात बायकांनी तालमीचा उंबरा ओलांडायचा नाही, हा शिरस्ता मी लहानपणापासून पाहिलेला आहे. त्यामुळे लाल मातीने माखलेली मुलगी प्रथम दारात उभी राहिली, तेव्हा मला काही क्षण बोलता आले नाही.

या वर्गातील मला सर्वांत मोलाची वाटलेली गोष्ट म्हणजे खुराकाची वही. दूध, तूप, बदाम, अंडी यांची रोजची नोंद तीत करावी लागते आणि शनिवारी खाली सही लागते, तीही वडिलांचीच. आईची का चालत नाही, असे मी जरा रागानेच विचारले, तेव्हा वस्ताद म्हणाले, "ताई, तुम्हाला घरातलं सगळं ठाऊक असतं. ज्याला ठाऊक नसतं, त्यानं बघायला पाहिजे." वही भरू लागल्यावर कळले की मुलाचा दुधाचा पेला काठोकाठ भरून मुलीला उरलेल्या दुधाचा चहा देणारी मीच होते. सासूबाई अजूनही "पोरीच्या जातीला एवढं तूप कशाला?" म्हणतात; बदाम मात्र रात्री त्याच भिजत घालतात, मोजून.

मुलींना फी निम्मी आहे, हे मला पटत नाही. सवलतीमुळे चार पालक येतात हे खरे, पण स्वस्तातला छंद म्हणून ते लग्नाआधी सोडवायलाही तयार असतात. बाहेर तरी वेगळे काय आहे? जवळच्या एका गावच्या जत्रेत मुलांच्या कुस्त्यांना रोख इनाम होते. आमच्या मुलीने कुस्ती निकाली केली, तर तिच्या हातात स्टीलचा डबा आला. महाराष्ट्र केसरी १९६१ पासून सुरू असून महिलांसाठी ती पहिल्यांदा २०२३ मध्ये सांगलीत झाली, हे लक्षात घेतले म्हणजे डब्याचेही आश्चर्य वाटत नाही.

उणिवा दोन आहेत. कपडे बदलण्याच्या खोलीची कडी दोनदा सांगूनही दुरुस्त झालेली नाही. मुली आळीपाळीने दार धरून उभ्या राहतात. दुसरी उणीव कडीइतकी सोपी नाही. पाळीच्या दिवसांत मॅटवर सराव करायचा की विश्रांती घ्यायची, हे मुलगी ठरवते आणि तिला कोणी कारण विचारत नाही. हौदात उतरण्यास मात्र त्या दिवसांत मनाई आहे. मॅटला जे चालते ते मातीला का चालत नाही, असे आमच्या मुलीने विचारले, तेव्हा एरवी प्रत्येक डावाचे कारण समजावून सांगणारे वस्ताद भिंतीवरच्या मारुतीकडे पाहून नुसते हसले. तिने तो प्रश्न खुराकाच्या वहीत, तारखेसह, लिहून ठेवला आहे. शनिवारी त्याखाली तिच्या वडिलांनी सही केली.