७१८, ९२५ की ७२५? तेलविहिरीच्या भागांसाठी निकेल बार घेताना

रबाळ्याच्या एमआयडीसीत आमचं वर्कशॉप आहे. विहिरीच्या तोंडावरच्या व्हॉल्व्हचे स्टेम, ट्युबिंग हँगर, पॅकरचे मँड्रेल असे भाग आम्ही घडवतो. ७१८, ९२५, ७२५ ही त्यासाठी लागणाऱ्या निकेलच्या मिश्रधातूंची नावं. मी मेटलर्जीची, पुण्यात शिकलेली. गेली एकोणीस वर्षं इथे आलेला प्रत्येक निकेल बार माझी सही झाल्यावरच रॅकवर चढतो. शेजारच्या गाळ्यांतून आठवड्याला एकदा तरी फोन येतो, "मॅडम, यातला सगळ्यात भारी कुठला?" मी उलट विचारते: भाग कुठे बसणार, आतून काय वाहणार, बाहेर काय असणार, आणि बार कुठल्या भट्टीत किती तास होता? ही चार उत्तरं मिळाली की बार जवळपास ठरतोच. त्यातलं चौथं उत्तर लोक सगळ्यात कमी विचारतात, म्हणून मुख्यतः त्याच्यासाठी हे लिहायला घेतलं.

सुरुवात ७१८ पासून, कारण तो सगळीकडे मिळतो. निकेल ५० ते ५५ टक्के, क्रोमियम १७ ते २१, मॉलिब्डेनम तीनच्या आसपास, नायोबियम पाचच्या आसपास. जेट इंजिनात नाव कमावलेला हा धातू तेलक्षेत्रातही तितकाच चालतो. आणि घोळ इथेच होतो, कारण दोन्हीकडचा ७१८ नावाला एक असला तरी भट्टीतून निघताना वेगळा असतो.

२०१६ साली आम्ही स्टेमसाठी चार बार घेतले. ऑर्डर स्पष्ट होती: एपीआय ६एसीआरए (तेलक्षेत्रातल्या निकेल मिश्रधातूंचं मानक), १२० के (ताकदीची श्रेणी). खेतवाडी–सी.पी. टँकच्या पट्ट्यात निकेलची दुकानं ओळीने आहेत. त्यातल्या एका शेठनी सांगितलं, "मॅडम, विमानाचा माल आहे, तुमच्या विहिरीला काय कमी पडणार?" सर्टिफिकेट एएमएस ५६६३ चं, म्हणजे विमानाच्या मानकाचं. पीएमआय गन (धातूत काय किती आहे ते दाखवणारं हातातलं यंत्र) लावली, निकेल, क्रोमियम, नायोबियम सगळं बरोबर आलं. मी कटिंगला होकार दिला. तीन बार कापून झाल्यावर कडकपणा मोजायच्या रॉकवेल यंत्रावर तुकडा ठेवला तर आकडा आला ४३. मर्यादा ४० ची. चौथ्या बारावर करवत ठेवलेली होती, ती उचलायला लावली.

कारण सांगते. तेलक्षेत्राच्या रीतीत ७१८ ला आधी १०२१ ते १०५२ अंश सेल्सिअसला तापवून झटकन थंड करतात. मग ७७४ ते ८०२ अंशांना सहा ते आठ तास, एकाच टप्प्यात एजिंग, म्हणजे गरम धरून ठेवून कडक करणं. यील्ड, म्हणजे धातू कायमचा वाकायला लागतो तो ताण, ८२७ ते १००० मेगापास्कलमध्ये बसतं. विमानाच्या रीतीत पहिलं तापमान कमी, फार तर १०१० अंश, आणि एजिंग दोन टप्प्यांचं: ७१८ अंशांना आठ तास, तिथून ६२१ पर्यंत उतरवून पुन्हा धरून ठेवायचं. यील्ड १०३४ च्या वर जातं. धातूचे दाणे बारीक राहावेत म्हणून तिथे थोडी डेल्टा फेज (नायोबियमचे वेगळे बारीक स्फटिक) मुद्दाम ठेवतात. इंजिनात ते गुणाचं आहे. विहिरीत मात्र दाण्यांच्या हद्दीवर पसरलेली तीच डेल्टा फेज हायड्रोजनला वाट करून देते, आणि तडा त्याच वाटेने धावतो. म्हणून ६एसीआरए मध्ये तुकडा पॉलिश करून, ॲसिडने एच करून (दाणे उठून दिसावेत म्हणून किंचित खाऊ देऊन), सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारं चित्र मानकातल्या छायाचित्रांशी ताडून पाहावं लागतं. ही अट मला कधीच जाचक वाटली नाही.

शेठ म्हणाले, "परत हीट ट्रीटमेंट करून देतो." पण सर्टिफिकेटवर कार्बन ०.०६ होता. विमानाच्या मानकात ०.०८ पर्यंत चालतो, तेलाच्या मानकात ०.०४५ च्या वर नाही. तो ओळखणं आमच्या गनच्या आवाक्यात नव्हतं, सर्टिफिकेटवर मात्र छापलेला होता. बार परत गेला तो एकच, कापलेले भंगारात निघाले आणि डिलिव्हरी सात आठवडे लांबली. तेव्हापासून करवतीआधी कडकपणा, आणि त्याआधी सर्टिफिकेटवरची हीट ट्रीटमेंटची ओळ मी स्वतः वाचते. ओळ नसेल तर बार टेम्पोतून उतरत नाही.

मग ७१८ वाईट का? मुळीच नाही. १२० के मधला नीट बनवलेला ७१८ आमच्या अर्ध्याहून जास्त कामांत जातो आणि मला त्याचा भरवसा आहे. फक्त समुद्राच्या उघड्या पाण्यात, फटी असलेल्या जागी तो ठेवू नका. खड्डे पडण्याविरुद्धची ताकद मोजायचा साधा हिशेब आहे: क्रोमियमचा टक्का अधिक मॉलिब्डेनमच्या टक्क्याची ३.३ पट. समुद्राच्या पाण्यासाठी साधारण ४० मागतात. ७१८ चं उत्तर २८–२९ येतं.

९२५ चं येतं ३१ च्या आसपास, म्हणजे किंचित जास्तच, आणि तो सहसा ७१८ पेक्षा स्वस्त पडतो, कारण त्यात निकेल ४२ ते ४६ टक्केच आणि नायोबियम जवळजवळ नाहीच. हा मुळात ८२५ या दुसऱ्या निकेल मिश्रधातूचा भाऊ. तांबं दोघांत आहे, पण ९२५ मध्ये टायटॅनियम वाढवल्यामुळे तो एजिंगने कडक होतो. ताकद ११० के, म्हणजे ७५८ मेगापास्कल. लेथवरचे आमचे मामा ७१८ ला वैतागतात, कारण कापाच्या रेषेवरच इन्सर्टला (हत्याराच्या कापणाऱ्या टोकाला) खाच पडते. हत्यार एकाच जागी रेंगाळलं तर पृष्ठभाग काचेसारखा होतो आणि पुढचा काप घसरतो. ७१८ वर ते मिनिटाला ३०–३५ मीटरच्या वर जातच नाहीत. ९२५ च्या बाबतीत ते निवांत असतात. पॅकर मँड्रेल, निपल, सब अशा कामांत ११० के पुरत असेल तर मी ९२५ च घ्यायला सांगते. पुरत असतानाही सवयीने ७१८ मागणारे डिझायनर मी खूप पाहिलेत आणि दर वेळी त्यांच्याशी वाद घातलाय.

७२५ चं प्रकरण निराळं. ६२५ या निकेल मिश्रधातूला गंज जवळपास शिवत नाही, पण ॲनील केलेल्या (तापवून मऊ केलेल्या) ६२५ चं यील्ड ४१४ मेगापास्कलच्या आसपास, आणि एजिंगने तो कामापुरता कडक होत नाही. ७२५ म्हणजे तोच स्वभाव आणि वर १२० के ताकद. मॉलिब्डेनम ७ ते ९.५ टक्के, त्या हिशेबात उत्तर ४७ च्या घरात. विहीर खोल आणि गरम, एचटूएस (हायड्रोजन सल्फाइड वायू) भरपूर, मीठ भरपूर, सोबत मूलद्रव्य गंधक निघायची भीती, अशा ठिकाणी ७१८ किंवा ९२५ वर पैसे वाचवू नयेत. महाग आहे, मिलकडून यायला वेळ लागतो, स्टॉकमध्ये हवा तो व्यास मिळत नाही. तरी तिथे तोच. त्याहून वाईट परिस्थितीत नळ्यांसाठी सी-२७६ हा आणखी एक निकेल मिश्रधातू, पण ते आमचं काम नाही.

सावर, म्हणजे एचटूएस असलेली विहीर, नेमकी किती एचटूएसपासून धरायची, हेही विचारतात. साध्या पोलादासाठी आयएसओ १५१५६ या मानकाची रेषा एचटूएसच्या ०.३ किलोपास्कल अंशदाबावर (एकूण दाबातल्या त्याच्या वाट्यावर) आहे. किती थोडं आहे ते बघा. आपल्या वसईच्या समुद्रातला वायू हजिऱ्याला नेऊन तिथे त्यातलं एचटूएस काढावं लागतं. विहिरीच्या तोंडावरचा भाग तो धुतला जाण्याआधीचा वायू सोसत असतो. निकेलच्या धातूंना मर्यादा खूप वरच्या, पण तापमान चढलं की त्याही खाली येतात. म्हणून एचटूएसचा आकडा तापमानाशिवाय सांगणाऱ्याला मी तापमान मिळेपर्यंत भाव सांगत नाही.

आणि बाहेर काय आहे, हा प्रश्न. समुद्रतळावर पोलाद वाचवायला ॲल्युमिनियमचे ॲनोड (पोलादाऐवजी स्वतः झिजणारे तुकडे) लावतात, विद्युत्दाब उणे १.०५ व्होल्टच्या आसपास जातो. पोलाद वाचतं, पण त्याला जोडलेल्या निकेलच्या बोल्टवर त्याच विजेने अणुरूप हायड्रोजन तयार होतो आणि आत शिरतो. के-५०० या निकेल-तांब्याच्या मिश्रधातूचे बोल्ट असे तुटल्याची उदाहरणं या धंद्यात जुनी आहेत. बोल्टवर गंजाचा डाग नाही, डोकं मात्र अलग. ७१८ आणि ७२५ सुद्धा यातून सुटलेले नाहीत. दाण्यांच्या हद्दी स्वच्छ नसतील तर महागातला महाग बारही तिथे हरतो. म्हणून समुद्राखालच्या कामाला ७२५ घेतानाही मी सूक्ष्मदर्शकाचा फोटो मागते, नुसतं "कन्फॉर्म्स" (मानकाप्रमाणे आहे) लिहिलेलं चालवून घेत नाही.

भावाबद्दल एवढंच. ८ मार्च २०२२ ला लंडन मेटल एक्स्चेंजवर निकेल टनाला एक लाख डॉलरच्या वर गेलं आणि व्यवहार थांबवावे लागले. त्या आठवड्यात आमच्या एकाही स्टॉकिस्टने कोटेशन दिलं नाही. तेव्हापासून दोन महिन्यांचा ९२५ आम्ही रॅकवर ठेवतो. कोटेशनची मुदत बघून घ्या. हल्ली कित्येकदा ती एका दिवसाचीच असते.

या महिन्यात आमच्याकडे तीन ऑर्डर आहेत. स्टेमना ७१८, १२० के. मँड्रेलला ९२५, डिझायनर शेवटी तयार झाले. तिसरी समुद्रतळाच्या हँगरची, तिला ७२५. बार कालच आलाय, कडकपणा ३७ भरला, आणि तुकडा लॅबमध्ये एच व्हायला गेलाय. फोटो येईपर्यंत करवत बंद.