एफडीच्या नावाखाली गळ्यात मारलेली पॉलिसी

मार्चमध्ये एफडीची मुदत संपत असेल आणि बँकेत एकट्याच जाणार असाल, तर हे आधी वाचा. यात ओटीपी नाही, लिंक नाही, पोलिसाच्या वेषातला व्हिडिओ कॉलही नाही. बँक खरी, टेबलामागचा मुलगा खरा, कागदांवरचे शिक्केसुद्धा खरे.

फसवलं गेलं ते माझ्या थोरल्या जाऊबाईंना. वय ६६, सांगलीत एकट्या राहतात. भाऊजी गेल्यावर त्यांच्या फंडाचे ६ लाख एफडीत ठेवले होते. महिन्याला साधारण साडेतीन हजार व्याज आणि थोडी फॅमिली पेन्शन, एवढ्यात त्या घर चालवतात, आणि चोख चालवतात. भाजीपासून भिशीपर्यंत पैन्‌पै वहीत लिहिलेली. बायकांना व्यवहार कळत नाही म्हणणाऱ्यांनी ती वही एकदा बघावीच.

गेल्या वर्षी मार्चच्या शेवटच्या आठवड्यात त्या एफडी पुन्हा ठेवायला गेल्या. मार्च म्हणजे बँकेत टार्गेटचा महिना. खातं विधवेचं, एकटीच्या नावावर, ठेवीची मुदत आज संपतेय, हे समोरच्याला स्क्रीनवर दिसतच असतं. काउंटरवरून त्यांना आत केबिनमध्ये नेलं. चहा आला. "काकू, तुम्ही मला आईसारख्या. एफडीत आता काय राहिलंय? निम्मे पैसे आपल्या बँकेच्याच नव्या योजनेत टाका, पाच वर्षांत दुप्पट." बाकीचे ३ लाख त्याने वर्षाच्या एफडीत ठेवले. "नॉमिनीसाठी लागेल" म्हणून जाऊबाईंच्या मुलाच्या आधारकार्डाचा फोटो घेतला. फुल्या मारलेल्या जागी सह्या घेतल्या. फॉर्म इंग्रजी, बराचसा कोराच. मग टॅबवर व्हिडिओ पडताळणी. "रेकॉर्डिंग आहे काकू, सगळ्याला फक्त हो म्हणा."

ती योजना म्हणजे युलिप, शेअर बाजाराशी जोडलेली विमा पॉलिसी. वर्षाला ३ लाख हप्ता, सात वर्षं. म्हणजे एकूण २१ लाख भरायचे, तेही ज्या बाईकडे सगळे मिळून ६ लाख होते तिने! आणि बाकीच्या ३ लाखांची एफडी वर्षाचीच का, हेही आता कळलं असेल. दुसऱ्या हप्त्याची तारीख आणि तिची मुदत एकाच आठवड्यात होती.

दरम्यान व्याज निम्म्यावर आलं. जाऊबाईंनी विचारलं, तर उत्तर मिळालं, "ग्रोथला ठेवलंय काकू, शेवटी एकदम मिळेल." त्यांनी दूध अर्धा लिटरवर आणलं आणि बीपीची गोळी एक दिवसाआड घ्यायला लागल्या. पुण्यातल्या मुलाला सांगितलं नाही, त्याच्या डोक्यावर घराचे हप्ते आहेत म्हणून. मला कळलं ते हप्ता भरण्याचा मेसेज घेऊन त्या माझ्याकडे आल्या तेव्हा. तोवर बँकेतला तो मुलगा बदली होऊन गेलेला, आणि त्याच्या जागी आलेली मुलगी म्हणते, "सही तर तुमचीच आहे ना?"

आम्ही विमा कंपनीकडून प्रपोजल फॉर्मची, म्हणजे पॉलिसीसाठी भरलेल्या अर्जाची, प्रत मागवली. ती मागायचा पॉलिसीधारकाला हक्क आहे, नाही म्हणाले तरी सोडू नका. फॉर्ममध्ये व्यवसाय: उद्योग. वार्षिक उत्पन्न: १२ लाख. ईमेल कुणाचा, देव जाणे; पॉलिसी त्याच ईमेलवर गेली, त्यामुळे जाऊबाईंच्या हातात ती कधी पडलीच नाही. विमा मुलाच्या जिवावर उतरवलेला, आणि त्याच्या नावापुढे जी सही होती ती बघून पुतण्या फोनवर ओरडलाच.

पॉलिसी मिळाल्यापासून ३० दिवसांत ती परत करता येते, याला फ्री लुक म्हणतात. थोडीफार कपात होऊन पैसे परत मिळतात. तुमचे ३० दिवस अजून सरले नसतील, तर बँकेतल्या कुणाचंही न ऐकता थेट विमा कंपनीला लेखी कळवा आणि पोच घ्या. ते गेले की युलिपमध्ये पाच वर्षांचा लॉक-इन असतो. पुढचा हप्ता थांबवला तर पैसे वेगळ्या फंडात पडून राहतात आणि पाच वर्षांनीच हातात येतात. तरीही दुसरा हप्ता आम्ही भरला नाही. "भरा, मग सोडवून देतो" हे बँकेचं म्हणणं मला पहिल्या फसवणुकीपेक्षाही निर्लज्ज वाटलं.

कंपनीने तक्रार फेटाळली. कंपनीने नाकारलं, किंवा महिनाभरात उत्तरच दिलं नाही, की विमा लोकपालाकडे जाता येतं, मात्र नकारापासून वर्षाच्या आत. आपल्या भागाचं कार्यालय पुण्यात आहे. फी नाही, वकील लागत नाही, चालतही नाही. आमचा सगळा भर त्या १२ लाखांवर, मुलाच्या सहीवर आणि पासबुकावर आहे. विम्याच्या तक्रारीसाठी १५५२५५ हा नंबर आहे. बँकेच्या वागणुकीबद्दल रिझर्व्ह बँकेचा १४४४८.

उरलेले ३ लाख आम्ही पोस्टात सीनियर सिटिझन योजनेत टाकले, ८.२ टक्क्यांनी. दर तीन महिन्यांना ६,१५० रुपये येतात. सहाच्या सहा लाख तिथे ठेवता आले असते, मर्यादा ३० लाखांची आहे. पण त्या केबिनमध्ये हे कोण सांगणार? पोस्टाच्या योजनेवर त्या मुलाला काही मिळत नाही.

आणखी एक. तक्रार गेल्यावर महिन्याभरातच जाऊबाईंना फोन आला: "लोकपाल ऑफिसमधून बोलतोय, तुमची रक्कम मंजूर झालीय, फक्त जीएसटीचे १८ हजार भरा." असे फोन तुम्हालाही येतील. लोकपाल पैसे मागत नाहीत. जाऊबाई म्हणाल्या, "पत्र पाठवा," आणि फोन ठेवून नंबर वहीत लिहून ठेवला. सायबर फसवणुकीच्या १९३० या नंबरवर तक्रार करताना तोच कामाला आला. लोकपालांकडची सुनावणी पुढच्या महिन्यात आहे.