कॉम्पेन्सेटिंग ई-फ्लॅट ट्यूबा आणि त्याआधीची माझी वाद्ये: वापरानंतरचा अनुभव

माझ्याकडचा चार पिस्टनांचा कॉम्पेन्सेटिंग ई-फ्लॅट ट्यूबा मी बरेच महिने नियमितपणे वाजवत आहे आणि त्याच्याविषयी जबाबदारीने लिहिण्याइतकी त्याची ओळख आता झाली आहे. ट्यूबा हे पितळी फुंकवाद्यांतले खर्जाचे मोठे वाद्य; पिस्टन म्हणजे दाबल्यावर हवा जादा नळीतून वळवणारी झडप, कॉम्पेन्सेटिंग म्हणजे त्यामुळे बिघडणारा सूर आपोआप सावरणारी रचना, आणि ई-फ्लॅट, बी-फ्लॅट, सी, एफ ही वाद्यांच्या पट्ट्यांची नावे. नव्या वाद्याच्या आवाजाची भूल पहिले काही आठवडे टिकते आणि त्या काळात कानाला गुणच ऐकू येतात. वाद्याचे खरे स्वरूप कळते ते थंड खोलीतल्या सरावात, लांबलेल्या तालमीच्या शेवटी दमसास संपत आलेला असताना आणि शेजारच्या बास ट्रॉम्बोनशी खर्जातल्या एकाच स्वरावर सूर जुळवताना. या ट्यूबाआधी माझ्याकडे तीन पिस्टनांचा लहान बी-फ्लॅट ट्यूबा, फायबरग्लासचा सूझाफोन (अंगाभोवती घेऊन चालत वाजवायचा ट्यूबा), रोटरी व्हॉल्व्हचा, म्हणजे पिस्टनऐवजी फिरणाऱ्या झडपांचा, सी ट्यूबा आणि काही काळ एफ ट्यूबा अशी वाद्ये होती. त्या सगळ्यांच्या तुलनेत हे वाद्य कुठे बसते, हे मला येथे सांगायचे आहे. ट्यूबा निवडताना बहुतेक जण आकार आणि आवाजाची जाडी आधी पाहतात. माझ्या मते, खर्जातला स्वर सुरात लावण्यासाठी वादकाला किती श्रम पडतात, हे आधी पाहायला हवे.

तीन पिस्टनांचा ट्यूबा शिकण्यासाठी चांगला असतो, हे मी आजही म्हणेन. त्याची नळी तुलनेने अरुंद, कर्णा लहान आणि वजन बेताचे असल्यामुळे थोड्या फुंकेतही स्वर उमटतो आणि ओठांची बैठक घडत असतानाच विद्यार्थ्याचा दम संपून जात नाही. त्याची मर्यादा मात्र ध्वनिशास्त्रानेच ठरवलेली आहे. बी-फ्लॅट ट्यूबाची मोकळी नळी (एकही पिस्टन न दाबता) सुमारे १८ फूट, म्हणजे साधारण ५.५ मीटर लांब असते. दुसरा पिस्टन सूर एका अर्धस्वराने उतरवतो, पहिला दोन आणि तिसरा तीन अर्धस्वरांनी. या पिस्टनांच्या जादा नळ्या मोकळ्या नळीच्या लांबीच्या हिशेबाने कापलेल्या असतात. पण पहिला पिस्टन दाबताच वाद्य लांब होते आणि त्या लांब झालेल्या वाद्याला तिसऱ्या पिस्टनची नळी अपुरी पडते. पहिला आणि तिसरा एकत्र दाबले की सुमारे १३ सेंटीमीटर नळी कमी पडते आणि सूर ३० सेंट, म्हणजे अर्धस्वराच्या शंभर भागांपैकी ३० भाग, चढा लागतो. तिन्ही दाबले की तूट २३ सेंटीमीटरच्या पुढे जाते आणि सूर निम्म्या अर्धस्वरापेक्षाही जास्त चढतो. तिसऱ्या पिस्टनची स्लाइड, म्हणजे सरकती नळी, थोडी बाहेर ओढून ठेवली की ही तूट कमी होते, परंतु मग दुसरा-तिसरा या जोडीचा सूर उतरतो. बँडच्या संगीतात वारंवार येणारा खालचा एफ नेमका पहिल्या-तिसऱ्याच्या जोडीवर असल्यामुळे तीन पिस्टनांच्या वादकाला तो प्रत्येक वेळी ओठांनी खाली दाबून धरावा लागतो, आणि असा दाबलेला स्वर कधीही मोकळा, भरदार लागत नाही. माझा हा ट्यूबा बदलण्याचे कारण एवढे एकच होते.

सूझाफोनविषयी थोडक्यात लिहितो. अमेरिकन बँडसंचालक जॉन फिलिप सूझा यांच्या नावाने ओळखले जाणारे हे वाद्य जे. डब्ल्यू. पेपर यांनी १८९३च्या सुमारास बनवले आणि कॉन कंपनीने १८९८मध्ये आपला सूझाफोन आणला. चालत वाजवण्यासाठी याच्याइतकी सोयीची रचना ट्यूबाच्या कुळात दुसरी नाही, कारण वजन खांद्यावर विसावते आणि कर्ण्याचे तोंड श्रोत्यांकडे राहते. फायबरग्लासच्या सूझाफोनचे वजन पितळेच्या तुलनेत पुष्कळ कमी असते आणि उन्हात, मोकळ्या मैदानात ते मोलाचे ठरते. मात्र त्याच्या आवाजाला पितळेचा गाभा येत नाही. जोराने फुंकल्यावर आवाज पसरतो, पण त्याची धार एकवटत नाही. बसून, बंद सभागृहात वाजवण्यासाठी मी तो कधीच सुचवणार नाही.

रोटरी व्हॉल्व्हचा सी ट्यूबा मात्र मी मनापासून वाजवला. सीची नळी सुमारे १६ फुटांची असते, म्हणजे बी-फ्लॅटपेक्षा दोन फुटांनी आखूड, आणि अमेरिकेतील सिंफनी वाद्यवृंदांत हीच पट्टी रूढ आहे. रोटरी व्हॉल्व्हची हालचाल आखूड असते आणि एका स्वरातून दुसऱ्यात जाताना जोड जाणवत नाही, त्यामुळे संथ, गाणाऱ्या ओळी त्यावर फार सुंदर वाजतात. पाचवा व्हॉल्व्ह हा त्याचा खरा आधार आहे. तो दोन अर्धस्वरांहून थोडा अधिक उतरवतो, आणि चौथ्यासोबत दाबला की खालचा एफ जवळजवळ नेमका लागतो. बाकीच्या स्वरांसाठी डावा हात सतत पहिल्या स्लाइडवर ठेवावा लागतो. चालू संगीतात स्लाइड आत-बाहेर करत सूर जुळवणे हे सी ट्यूबाच्या वादकाचे अर्धे कौशल्यच असते. ते अंगवळणी पडते, पण मन सतत त्या हातात गुंतलेले राहते.

सी ट्यूबाबरोबर मोठ्या आकाराची ओढही येते. ती कुठून आली, हे सांगण्यासारखे आहे. मिशिगनमधील ग्रँड रॅपिड्सच्या यॉर्क कंपनीने १९३०च्या दशकात फिलाडेल्फिया ऑर्केस्ट्राचे वादक फिलिप डोनाटेली यांच्यासाठी प्रचंड आकाराचा सी ट्यूबा बनवला. तो पुढे आर्नल्ड जेकब्स यांच्याकडे आला आणि १९४४ ते १९८८ या काळातील शिकागो सिंफनीमधील त्यांच्या वादनामुळे त्या आवाजाला जणू मानदंडाचे स्थान मिळाले. अनेक कारखान्यांनी पुढे त्याच्या धर्तीवर वाद्ये घडवली. तो आवाज ऐकून भारावून जाणे मी समजू शकतो. पण तो आवाज जेकब्स यांच्या श्वासाच्या शास्त्रशुद्ध अभ्यासातून आणि स्वर आधी मनात गाण्याच्या त्यांच्या शिस्तीतून घडला होता, आणि मोठे वाद्य विकत घेतल्याने ती शिस्त येत नाही. ३/४, ४/४, ५/४, ६/४ ही आकारांची नावे कोणत्याही सर्वमान्य मापाची नाहीत, हेही खरेदी करणाऱ्याने लक्षात ठेवावे. एका कारखान्याचा ४/४ दुसऱ्याच्या ५/४ एवढा असू शकतो.

एफ ट्यूबा माझ्याकडे सर्वांत कमी काळ राहिला. ट्यूबाच्या घराण्यातली ही मूळ पट्टी, कारण विल्हेल्म वीप्रेख्ट आणि योहान गोटफ्रीड मोरित्स यांनी १८३५मध्ये प्रशियात ज्या बास ट्यूबाचे पेटंट घेतले तो एफमध्येच होता. वरच्या सप्तकात त्याचा स्वर स्वच्छ, तेजस्वी आणि खात्रीचा लागतो. एकल वादनासाठी तो आजही अनेकांची पहिली पसंती आहे आणि ती योग्य आहे. रोटरी एफची ख्यातनाम अडचण म्हणजे चौथ्या व्हॉल्व्हवरचा खालचा सी आणि त्याच्या आसपासचे स्वर. तेथे फुंक अडकल्यासारखी वाटते आणि स्वर उमटायला क्षणभर उशीर होतो. पिस्टनच्या काही एफ ट्यूबांत ही अडचण बरीच कमी असते, पण माझ्या वाजवण्यात खर्जाचा वाटा मोठा असल्यामुळे मला त्यापेक्षा वेगळा मार्ग हवा होता.

तो मार्ग म्हणजे हा ई-फ्लॅट. १३ फुटांची नळी, वर उजव्या हातासाठी तीन पिस्टन आणि बाजूला डाव्या हातासाठी चौथा. कॉम्पेन्सेटिंगची रचना डेव्हिड जेम्स ब्लेकली यांनी बूझी कंपनीत असताना १८७४च्या सुमारास सिद्ध केली, आणि तिची कल्पना आजही मला थक्क करते. चौथा पिस्टन दाबला की हवा त्याच्या लांब नळीतून जाऊन पुन्हा पहिल्या तीन पिस्टनांमधून वळवली जाते. या दुसऱ्या फेरीत दाबलेल्या प्रत्येक पिस्टनला जोडलेली लहानशी पूरक नळी मार्गात येते आणि चौथ्याच्या जोडीने दाबल्यामुळे पडणारी तशीच तूट तेथल्या तेथे भरून निघते. वादकाला त्यासाठी स्लाइड हलवावी लागत नाही. साध्या चार पिस्टनांच्या वाद्यात चारही पिस्टन दाबले तरी हिशेबाने मोकळ्या स्वराच्या खाली साधारण सव्वानऊ अर्धस्वरांपर्यंतच जाता येते, म्हणजे पुढचे दोन अर्धस्वर धड लागतच नाहीत. माझ्या ई-फ्लॅटवर मोकळ्या ई-फ्लॅटपासून त्याच्या खालच्या सप्तकातल्या मूळ स्वरापर्यंत एकेक अर्धस्वर उतरत जाता येते, आणि तळाचे शेवटचे एक-दोन स्वर थोडे चढे लागतात एवढे सोडले, तर स्वरमापक यंत्र समोर ठेवून तपासले तरी तो क्रम विश्वासाने टिकतो.

येथे एक तपशील सांगायलाच हवा, कारण नव्याने हे वाद्य घेणाऱ्यांच्या तो पटकन लक्षात येत नाही. भरपाई होते ती केवळ चौथा पिस्टन दाबलेला असताना. चौथ्याशिवाय पहिला-तिसरा किंवा तिन्ही पिस्टन दाबले तर सूर इतर कोणत्याही ट्यूबाइतकाच चढा लागतो. म्हणून पहिल्या-तिसऱ्याच्या जागी एकटा चौथा आणि तिन्हींच्या जागी दुसरा-चौथा वापरण्याची बोटांना सवय लावावी लागते. डाव्या हाताचा पिस्टन उजव्या हाताच्या बोटांबरोबर त्याच क्षणी खाली जाणे हे सुरुवातीला अवघड वाटते. द्रुत लयीतल्या ओळीत दोन हातांमध्ये किंचित फरक पडला तरी दोन स्वरांच्या मध्ये तिसराच स्वर डोकावतो. संथ आरोह-अवरोहांचा सराव हाच त्यावरचा उपाय आहे आणि तो गुण देतो.

या रचनेचे मोल फुंकेच्या रूपाने द्यावे लागते. दुहेरी फेरीतल्या वळणावळणांच्या अरुंद नळ्यांमुळे खर्जात फुंकेला अडथळा जाणवतो. बी-फ्लॅट ट्यूबावर एकट्या चौथ्या पिस्टनवर सहज फुलणारा खालचा एफ येथे पहिला, तिसरा आणि चौथा दाबून वाजवावा लागतो आणि तो तितक्या मोकळेपणाने येत नाही. त्यासाठी फुंक जोराची नव्हे तर संथ, रुंद आणि उबदार लागते, आणि घसा पूर्ण उघडा ठेवावा लागतो. हे जमल्यानंतर मिळणारा स्वर मला सी ट्यूबाच्या त्याच स्वरापेक्षा अधिक आवडतो, कारण तो थोडा लहान असला तरी त्याची कड स्पष्ट असते आणि वाद्यमेळात त्याचा सूर लगेच ओळखू येतो. संपूर्ण वाद्यवृंदाला एकट्याने तळ पुरवायचा असेल, तर मात्र मोठ्या सी किंवा बी-फ्लॅटची रुंदी या वाद्यात नाही, हे स्पष्ट सांगतो. ब्रास क्विंटेट (पाच पितळी वाद्यांचा मेळ), ब्रास बँड आणि मध्यम आकाराचा वाद्यवृंद यांत मला काहीही कमी पडलेले नाही. ब्रिटिश धर्तीच्या ब्रास बँडमध्ये दोन ई-फ्लॅट आणि दोन बी-फ्लॅट बास असतात. दोघांचे संगीत ट्रेबल क्लेफमध्ये (उंच स्वरांच्या लेखनचिन्हात), प्रत्येक वाद्याच्या पट्टीनुसार स्थानांतरित करून लिहिलेले असल्यामुळे लिहिलेल्या स्वराची बोटे दोन्ही वाद्यांवर सारखीच राहतात. वाद्यवृंदात मात्र बास क्लेफमध्ये (खर्जाच्या लेखनचिन्हात) खऱ्या पट्टीतच वाचावे लागत असल्याने वाद्य बदलले की बोटे नव्याने शिकावी लागतात. अनेक वाद्ये बाळगू इच्छिणाऱ्याने ही मेहनत आधीच हिशेबात धरावी.

थंडीचा अनुभवही नोंदवण्यासारखा आहे. नळीतली हवा एका अंशाने थंड झाली की सूर साधारण ३ सेंटने उतरतो. लांब नळीच्या वाद्याला श्वासाने ऊब यायला वेळ लागतो, आणि त्यातही बराच काळ विराम असेल तर ते पुन्हा थंड होते. ई-फ्लॅट आखूड असल्याने सी किंवा बी-फ्लॅटपेक्षा लवकर स्थिरावतो. विरामाच्या काळात नळीतून आवाज न करता उबदार श्वास सोडत राहणे मला फार उपयोगी पडते.

माउथपीसबाबत, म्हणजे ओठ लावायच्या सुट्या भागाबाबत, सावध राहावे. दांड्याचे माप सर्व ट्यूबांना सारखे नसते. दांडा नळीत पुरेसा आत न गेल्यास किंवा जास्त आत गेल्यास सप्तके एकमेकांशी जुळत नाहीत आणि दोष उगाच वाद्याला दिला जातो. नरसाळ्यासारख्या खोल पेल्याच्या हेलेबर्ग धर्तीच्या माउथपीसने या वाद्याचा स्वर गडद होतो, पण त्याची कड बोथट होते. गोलसर वाटीच्या पेल्याने स्वराची सुरुवात स्पष्ट होते आणि खर्जही सावरतो, म्हणून मी तोच ठेवला आहे.

देखभाल रोटरीपेक्षा थोडी जास्त आहे. पिस्टन लांब आणि जड असून त्यांत छिद्रेही अधिक असल्यामुळे वाजवण्यापूर्वी तेल घालणे टाळता येत नाही. पूरक नळ्यांत साचलेले पाणी एका कळीने निघत नाही, त्यासाठी वाद्य फिरवून स्लाइड काढाव्या लागतात. माउथपीसमधून येणारी नळी कोमट पाण्याने नियमित धुतली नाही तर पितळेतले जस्त झिजून गुलाबी-तांबूस डाग पडतात आणि पुढे तेथे छिद्र पडते. जुने वाद्य घेताना मी सर्वांत आधी हीच नळी पाहतो, कर्ण्यावरचे पोचे त्यानंतर. पोचे काढता येतात, कुजलेली नळी मात्र बदलावीच लागते. त्यानंतर पिस्टन आणि त्याची डबी यांमधली फट तपासावी, कारण कॉम्पेन्सेटिंग वाद्यात हवा दोनदा तेथून जात असल्याने झीज झालेल्या पिस्टनांचा खर्जावर दुप्पट परिणाम होतो.

रोटरी सी मी विकला नाही. मोठ्या वाद्यवृंदात एकट्याने बसण्याचा प्रसंग आला की तोच बाहेर काढतो. उरलेल्या सगळ्या वादनासाठी, आणि रोजच्या सरावासाठी तर निश्चितच, ई-फ्लॅट ही माझी निवड आहे. तीन पिस्टनांवरून पुढे जाऊ इच्छिणाऱ्या आणि एकच ट्यूबा बाळगू शकणाऱ्या वादकाने आधी चार पिस्टनांचा कॉम्पेन्सेटिंग ई-फ्लॅट वाजवून पाहावा. तो पाहताना मोकळ्या स्वरांवर वेळ न घालवता मोकळ्या ई-फ्लॅटखालचे स्वर एकेक करून, चौथा पिस्टन दाबून आणि दीर्घ श्वासाने वाजवावेत.