ओपनव्हीपीएन की वायरगार्ड? बिघाड शोधणाऱ्याच्या बाजूने तुलना

ऑफिसातलं टॅली घरून उघडायचं, दुसऱ्या शाखेच्या फाइल्स बघायच्या, यासाठी स्वतःचा व्हीपीएन, म्हणजे इंटरनेटवरून ऑफिसच्या नेटवर्कमध्ये जाणारी खासगी, कुलूपबंद वाट, उभारायचा म्हटलं की हल्ली दोनच नावं पुढे येतात: ओपनव्हीपीएन आणि वायरगार्ड. निवड बहुधा वेगावरून होते, आणि तिथे वायरगार्ड पुढे आहे यात वाद नाही. पण दहा-पंधरा माणसांच्या ऑफिसला दोन्हींचा वेग पुरून उरतो. माझ्या मते आधी विचारायचा प्रश्न वेगळा आहे. सोमवारी सकाळी कुणालाच कनेक्ट होता आलं नाही, तर कारण शोधायला तुमच्याकडे कोण आहे आणि त्या माणसाला काय दिसणार आहे?

ओपनव्हीपीएन 2001 पासून आहे आणि ते टीएलएसवर, म्हणजे https वेबसाइट वापरतात त्याच सुरक्षित जोडणीच्या पद्धतीवर, चालतं. सर्व्हरला एक सर्टिफिकेट (डिजिटल ओळखपत्र), प्रत्येक क्लायंटला, म्हणजे जोडल्या जाणाऱ्या लॅपटॉप-फोनला, एक, आणि या सगळ्यांवर सही करणारं आपलंच मूळ सर्टिफिकेट, म्हणजे सीए. बहुतेक ठिकाणी हे सगळं ईझी-आरएसए हे टूल वापरून बनवलेलं असतं. यातल्या प्रत्येकाला मुदत असते आणि अर्धं दुखणं त्या मुदतींमध्येच असतं. डीफॉल्ट सेटिंग ठेवलं तर सीए 3650 दिवसांचं, अलीकडच्या आवृत्त्यांत बाकीची सर्टिफिकेटं 825 दिवसांची, आणि रद्द सर्टिफिकेटांची यादी, म्हणजे सीआरएल, फक्त 180 दिवसांची.

ही यादी सगळ्यात फसवी. कुणीतरी नोकरी सोडतं, त्याचं सर्टिफिकेट रद्द होतं, यादी सर्व्हरवर चढते आणि विषय मागे पडतो. सहा महिन्यांनी यादीचीच मुदत संपते. ओपनव्हीपीएन 2.4 पासून अशी शिळी यादी दिसली की सर्व्हर सगळ्यांनाच नाकारतो. सर्टिफिकेटं धडधाकट, इंटरनेट चालू, सेटिंगला कुणी हात लावलेला नाही, तरी सगळे बाहेर. नवी यादी काढून सर्व्हरवर ठेवली की काम होतं, पण त्यासाठी सीएची किल्ली आणि तिचा पासवर्ड हाताशी लागतो. ज्याने सेटअप केला तो माणूस निघून गेला असेल, तर इथेच सगळं अडतं.

ओपनव्हीपीएनची जमेची बाजू अशी की ते बोलतं. लॉगमध्ये, म्हणजे त्याच्या नोंदवहीत, ‘व्हेरिफाय एरर’ची ओळ शोधा. तिथे ‘सर्टिफिकेट हॅज एक्स्पायर्ड’ असेल, तर त्याच ओळीत ‘डेप्थ’पुढचा आकडा बघा. 0 असेल तर समोरच्याचं सर्टिफिकेट संपलं आहे: ओळ सर्व्हरच्या लॉगमध्ये असेल तर क्लायंटचं, क्लायंटच्या लॉगमध्ये असेल तर सर्व्हरचं. 1 असेल तर सीएच संपलं. मग एका लॅपटॉपपुरतं काम उरत नाही, प्रत्येक क्लायंटला नवी सीए फाइल द्यावी लागते. दहा वर्षांपूर्वी डीफॉल्टवर उभे केलेले सेटअप नेमके आता या टप्प्यावर आले आहेत.

‘60 सेकंदांत टीएलएस की निगोशिएशन झालं नाही’ अशा अर्थाची ओळ मात्र दिशाभूल करते. ती फायरवॉलमुळे येते, चुकीच्या पोर्टमुळे येते, टीएलएस-ऑथची फाइल (दोन्हीकडे सारखीच लागणारी जादाची गुप्त किल्ली) जुळत नसली तरी येते, आणि सर्व्हरने सर्टिफिकेट नाकारलं तरी क्लायंटकडे बऱ्याचदा हीच ओळ दिसते. म्हणून क्लायंटच्या स्क्रीनशॉटवरून निदान करू नका. त्याच वेळेचा सर्व्हरचा लॉग उघडा. तिथे त्या आयपीची एकही नोंद नसेल तर पॅकेट पोचतच नाहीये. नोंद असेल तर कारणही तिथेच लिहिलेलं सापडतं.

अपग्रेडनंतरचा त्रास वेगळ्या जातीचा. 2023 मध्ये आलेल्या 2.6 ने ब्लोफिश या जुन्या सायफरवर (डेटा कुलूपबंद करायच्या पद्धतीवर) आपोआप मागे येणं बंद केलं. हे योग्यच झालं, कारण ब्लोफिशसारख्या, डेटाचे 64 बिटांचे छोटे तुकडे (ब्लॉक) करणाऱ्या सायफरचा धोका 2016 मध्येच स्वीट32 हल्ल्याने दाखवून दिला होता. पण सर्व्हर जुना आणि लॅपटॉप नवा असेल तर सायफर जुळत नाही म्हणून कनेक्शन होत नाही. एमडी5 या कमकुवत पद्धतीची सही असलेलं जुनं सीए असेल तर नवं ओपनएसएसएल (सर्टिफिकेटं तपासायला वापरलं जाणारं सॉफ्टवेअर) ‘सीए एमडी टू वीक’ म्हणून ते नाकारतं. सुरक्षेची पातळी खाली आणून हे दडपता येतं, तसा सल्लाही सर्रास मिळतो. तो घेऊ नका, नवं सीए बनवा.

वायरगार्डमध्ये हे सगळं प्रकरणच नाही. सर्टिफिकेट नाही, सीए नाही, मुदत नाही, सायफर निवडायचा पर्याय नाही. दोन्हीकडे एकेक किल्लीजोडी, आणि एकमेकांची 44 अक्षरांची पब्लिक किल्ली. मार्च 2020 मध्ये लिनक्स 5.6 सोबत ते कर्नलमध्येच, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातच, आलं. माणूस गेला की सर्व्हरवरून त्याचा पीअर, म्हणजे त्याच्या किल्लीची नोंद, काढायचा, झालं.

अडचण अशी की ते गप्प राहतं. अनोळखी किल्लीच्या पॅकेटला सर्व्हर उत्तरच देत नाही, आणि नेहमीच्या सेटिंगमध्ये लॉगही लिहीत नाही. त्यामुळे किल्ली चुकली काय आणि पोर्ट बंद असला काय, क्लायंटला दोन्ही सारखंच दिसतं. ‘डब्ल्यूजी शो’ ही कमांड चालवली की पाठवलेले बाइट वाढताना दिसतात, आलेले शून्य, आणि ‘लेटेस्ट हँडशेक’ची (दोन्ही बाजूंनी एकमेकांना ओळखल्याची) ओळच नसते. अशा वेळी सर्व्हरवर टीसीपीडम्प (येणारी-जाणारी पॅकेटं दाखवणारं टूल) लावा. हँडशेक सुरू करणारं पॅकेट 148 बाइटचं असतं, त्याचं उत्तर 92 बाइटचं. 148 वालं येतच नसेल तर राउटर, पोर्ट फॉरवर्डिंग किंवा इंटरनेट कंपनीचं सीजीनॅट (अनेक ग्राहकांना मिळून एकच सार्वजनिक पत्ता) बघा. ते येतंय पण 92 वालं बाहेर पडत नाही, म्हणजे किल्ली चुकली किंवा घड्याळ. 92 वालं जातंय पण क्लायंटला मिळत नाही, म्हणजे परतीच्या वाटेवर फायरवॉल. हँडशेक होतोय आणि तरी काही उघडत नाही, तर अलाउड आयपीज (कोणत्या पीअरकडे कोणते पत्ते जातात ती यादी) तपासा. एकच पत्ता दोन पीअर्सना दिला असेल तर तो शेवटच्याकडे जातो आणि पहिल्याचं चालणं थांबतं. पिंग चालतं पण मोठी फाइल अडकते, तर एमटीयू (एका पॅकेटचा कमाल आकार) कमी करून बघा. शोधायच्या जागा जवळपास एवढ्याच.

घड्याळ दोघांनाही आडवं येतं. ओपनव्हीपीएनमध्ये वेळ मागे असेल तर ‘नॉट येट व्हॅलिड’ असं सरळ लिहून येतं. वायरगार्ड प्रत्येक हँडशेकमधली वेळ आधीच्यापेक्षा पुढची आहे का, हे तपासतं. रास्पबेरी पायच्या बऱ्याच मॉडेलमध्ये बॅटरीचं घड्याळ नसतं. लाइट गेली, वेळ मागे पडली, की वेळ दुरुस्त होईपर्यंत सर्व्हर त्याचे हँडशेक मुकाट टाकून देतो. एनटीपी (नेटवर्कवरून घड्याळ जुळवायची सोय) लावाच. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या 28 एप्रिल 2022 च्या निर्देशांनुसार कंपन्यांना घड्याळं एनआयसी (सरकारी माहिती-तंत्रज्ञान केंद्र) किंवा एनपीएलच्या (राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या) वेळेशी जुळवायची आहेत, आणि लॉग 180 दिवस ठेवायचे आहेत. कोण केव्हा आत आलं याची नोंद ओपनव्हीपीएन सहज देतं. वायरगार्डसाठी ती सोय वेगळी उभी करावी लागते.

मग घ्यायचं काय? माणसं मोजकी, फारशी बदलत नाहीत, आणि आयटीवाला महिन्यातून एकदाच येतो, अशा ठिकाणी मी वायरगार्डच सुचवेन. तिथे तारीख उलटून अख्खं ऑफिस बंद पडण्याची भीतीच नाही. माणसं सतत येत-जात असतील, नावानिशी नोंद हवी असेल, किंवा लोक हॉटेल-कॉलेजच्या अशा नेटवर्कवरून येत असतील जिथे यूडीपी (पॅकेट पाठवायची एक पद्धत) अडवलेलं असतं, तर ओपनव्हीपीएन घ्या. ते टीसीपी 443 वरून, म्हणजे वेबसाइटच्याच पोर्टवरून, चालवता येतं, वायरगार्ड फक्त यूडीपीवर चालतं.

सध्या ओपनव्हीपीएन चालू असेल आणि निर्णयाला वेळ लागणार असेल, तर आजच ओपनएसएसएलने चार तारखा काढा: सीए, सर्व्हर, सगळ्यात जुना क्लायंट आणि सीआरएल. त्या ऑफिसच्या सामाईक कॅलेंडरमध्ये महिनाभर आधीच्या आठवणीसह टाका, आणि सीएचा पासवर्ड किमान दोन माणसांकडे आहे ना, हे त्यांच्याकडून प्रत्यक्ष टाइप करून घेऊन बघा.