लहान मुलासोबत युरोपात रोड ट्रिप: रोज नवं गाव की एकाच गावी तळ?

म्युनिकहून गाडी काढून आल्प्स ओलांडायचे दोन्ही प्रकार आमच्या घरी करून झालेत. पहिला गोल चक्कर मारायचा: इन्सब्रुक, बोल्झानो, गार्डा सरोवर, व्हेनिस, ल्युब्लियाना, साल्झबर्ग आणि परत, जवळपास रोज नवा मुक्काम. लेक तेव्हा अडीच वर्षांची होती. पुढच्या वर्षी दुसरा: उत्तर इटलीतल्या दक्षिण टिरोलमध्ये ब्रिक्सेनजवळ एक फ्लॅट, मग गार्डाच्या काठी दुसरा, आणि रोजचं फिरणं तिथूनच.

चक्कर मारण्यात मजा आहे, हे आधीच सांगतो. आल्या वाटेने परतावं लागत नाही, आणि एका सुट्टीत चार देश होतात. पुण्या-मुंबईहून एवढं तिकीट काढून येणाऱ्यांना हा मोह सोडवत नाही, ते साहजिकच आहे. ल्युब्लियानाच्या जुन्या गावात गाड्यांना बंदी आहे, तिथे लेकीचा हात निर्धास्त सोडता आला. टोलची कटकट मात्र वाढते: ऑस्ट्रियाचं विन्येट (हायवेसाठी ठराविक मुदतीचा टोल-पास), त्यावर ऑस्ट्रिया-इटली सीमेवरच्या ब्रेनर घाटाचा निराळा टोल, स्लोव्हेनियाचं वेगळं विन्येट, मग स्लोव्हेनियाहून ऑस्ट्रियात शिरणारा कारावांकेन बोगदा आणि पुढे टाउअर्न हायवे. पण यातलं बहुतेक घरबसल्या ऑनलाइन भरता येतं, म्हणून मी ते फारसं मनावर घेत नाही.

मला नडली ती सकाळी दहा ते दुपारी तीन ही वेळ. चेक-आउट दहा-अकराला, चेक-इन तीन-चारला, आणि मधल्या वेळात डोक्यावर छप्पर नाही. मोठ्यांचं काय, बॅगा डिकीत टाकल्या की मोकळे. पण अडीच वर्षांच्या पोराची दुपारची झोप नेमकी याच वेळेत येते. मग ती गाडीतच, कार सीटमध्ये, मान एका खांद्यावर कलंडलेली. व्हेनिसकडे जाताना लेक वेरोना मागे पडल्यावर कुठे झोपली, आणि व्हेनिसजवळच्या मेस्त्रेला मुक्कामी पोचल्यावर तिला उठवावं लागलं. दारावरच्या चाव्यांच्या पेटीचा कोड लागेना, घरमालक फोन उचलेना, आणि ही भर फुटपाथवर बसून रडतेय. अर्धवट झोपेची चिडचिड संध्याकाळभर, रात्री दहापर्यंत टक्क जागी, आणि सकाळी पुन्हा बॅगा भरायच्या. एखाद्या दिवशी चालतं, पण रोजच हे झालं की आई-बाप आधी थकतात.

तळ ठोकल्यावर हा प्रश्नच उरला नाही. सकाळी लवकर निघायचं, एकपर्यंत परत, वरण-भात, खोलीत अंधार करून दोन तास झोप, आणि चारला ताजंतवानं होऊन पुन्हा बाहेर. इटलीत बरीच रेस्टॉरंट्स संध्याकाळी सात-साडेसातशिवाय जेवण देत नाहीत आणि पोरांना सहालाच भूक लागते, तेव्हा छोटा कुकर आणि तूरडाळ सोबत असणं फार सोयीचं. आल्पे दी सिउसीच्या पठारावर सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच खासगी गाड्या सोडत नाहीत, म्हणून पायथ्याच्या सेइस गावाहून केबल कारने वर गेलो. लेकीला पठारापेक्षा ती केबल कारच आवडली. बऱ्याच मुक्कामांवर दक्षिण टिरोलचा गेस्ट पास मिळतो, त्यावर बस आणि लोकल रेल्वे फुकट. गाडी दारात ठेवून आम्ही ट्रेनने बोल्झानोला जाऊन ओत्झी, म्हणजे बर्फात सापडलेला हजारो वर्षांपूर्वीचा माणूस, तिथल्या संग्रहालयात बघून आलो.

तळाचीही एक अडचण आहे. ऐन हंगामात फ्लॅटवाले शनिवार ते शनिवारच बुकिंग घेतात, आणि ब्रेनरला सगळ्यात जास्त गर्दी शनिवारीच. त्यातून 2025 पासून ब्रेनरच्या हायवेवरच्या लुएग पुलाच्या कामामुळे बऱ्याच दिवशी दोन्ही बाजूंना एकेकच लेन असते. आम्ही लेकीला झोपेतच उचलून पहाटे निघालो, त्यामुळे निभावलं.

मूल सहा-सात वर्षांचं असेल, दुपारी झोपत नसेल, तर गोल चक्कर जरूर मारा. तान्हं बाळ कुठेही झोपत असेल, तरी जमेल. मधल्या वयाला मी तरी दोन तळच सुचवेन. भारतातून येऊन गाडी भाड्याने घेणार असाल तर दोन्ही प्रकारांत एक फायदा: गाडी जिथून घेतली तिथेच परत करता येते, दुसऱ्या देशात सोडण्याचे जादा पैसे पडत नाहीत.

फ्लॅट बघताना बाल्कनीतल्या देखाव्याच्या फोटोंवर जाऊ नका. झोपायच्या खोलीला वेगळं दार आणि खिडकीला बाहेरून झडपा आहेत का, हे मालकाला आधी विचारा. जून-जुलैत तिथे रात्री नऊपर्यंत उजेड असतो.